चार अक्षरांचं स्थळ

इंदुरात रामबागेच्या बाजूच्या एका हॉलमध्ये आज आपला वधू-वर मेळावा झाला. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे ओकतेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना पुढे सरकायचं त्यांनी सरकावं.

एक मुलगा मंचावर आला. नाव, शिक्षण, पगार, बायपासला फ्लॅट, इथवर सगळं रीतीप्रमाणे. मग माइक तोंडाशी धरून म्हणाला, ‘मी आयएनटीजे आहे. ईएसएफपी मुलींनी कृपया संपर्क करू नये.’ माझ्या पुढच्या रांगेतल्या काकूंनी शेजारणीला विचारलं, ‘ही कुठली परीक्षा झालीय गं त्याची?’

काकू, परीक्षाच आहे, एमबीटीआय नावाची स्वभावचाचणी. चार जोड्यांतलं एकेक अक्षर हातात देते आणि माणसाला सोळा खान्यांपैकी एकात बसवते. फक्त तिच्यात कुणी नापास होत नाही, म्हणून सगळ्यांना आवडते.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने 1921 साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक पुस्तक लिहिलं. ते वाचून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स या मायलेकींनी प्रश्नावली रचायला घेतली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. शेवटची जे-पीची जोडी युंगच्या चौकटीत नव्हती, ती यांनी जोडली. आणि ‘जे’ हे अक्षर म्हणजे ‘लोकांचं माप काढणारा’ नव्हे, ज्याला बेत आधी ठरलेला बरा वाटतो तो. ‘टी’ म्हणजे काळीज नसलेला नव्हे, ठरवताना भावनेआधी तर्क बघणारा. आजच्या मुलाने दोन्ही अर्थ उलटेच घेतले होते, हे त्याच्या पुढच्या चार वाक्यांत कळलं.

खरी गडबड आणखी खाली आहे. बोलकेपणा घ्या. शंभर माणसं उभी केली तर पार मुखदुर्बळ थोडे, अखंड बडबडे थोडे, आणि बाकी सगळी मधे दाटीवाटीने. ही परीक्षा नेमकी त्या दाटीतच सुरी फिरवते. 51 आलेला बोलका, 49 आलेला अबोल. म्हणून महिन्याभराने तीच परीक्षा पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर पालटतं. माणूस तोच, मधे फक्त ऑफिसात एक वाईट आठवडा गेलेला. द्यायचीच असेल तर अक्षर बघू नका, टक्का बघा. 40 ते 60च्या मधे असेल तर ते अक्षर खोडून टाका. महिना सोडून परत द्या आणि दोन्ही वेळा जे टिकलं तेवढंच धरा. बहुतेकांचं दीड अक्षर उरतं.

आणि ‘पण माझं अगदी तंतोतंत जुळलं हो!’ जुळणारच. 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून निकाल दिला. किती जुळला याला त्यांनी सरासरी 5 पैकी 4.26 गुण दिले. सगळ्यांना मजकूर एकच दिला होता, आणि तो बराचसा स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ‘वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता.’ सांगा बरं, इंदुरात कुणाला हे लागू नाही?

नोकरीसाठी उमेदवार गाळायला ही परीक्षा वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात. नोकरीला चालत नाही, आणि आम्ही तिच्यावर सुना गाळतोय.

बरं, एक कबूल करते. लाजऱ्या पोरांना स्वतःबद्दल बोलायला यातून शब्द मिळतात. ‘मला गर्दीनंतर एकटं बसावंसं वाटतं’ हे आमच्या पिढीला म्हणताच आलं नाही, लोक शिष्ट म्हणायचे. तेवढा उपयोग आहे. तेवढाच.

आणि मी कुणाला हसतेय? त्या मुलाच्या आईच्या पर्समध्ये पत्रिकेची फोटोकॉपी होतीच. वर्णाचा 1, वश्याचे 2, असं चढत चढत नाडीचे 8 (दोघांची नाडी एकच निघाली तर शून्य), बेरीज 36, अठराच्या खाली पुढे बोलणं नाही. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. पोराने सोळा खाने आणले, आईकडे तीन आधीपासूनच होते.

छत्तीसवरून आठवलं. आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञाने 1997 साली अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले. बारा-बाराचे तीन गट, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा थोडा खोल, सगळे मिळून पाऊण तास. दुसऱ्या जोड्यांना नुसत्या हवापाण्याच्या गप्पा. पहिल्या जोड्या जास्त जवळ आल्या. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: आधीच मतं जुळवून लावलेल्या जोड्यांना त्याचा म्हणण्यासारखा जादा फायदा झाला नाही. म्हणजे गाळणी लावून फरक पडला नाही, बसून बोलण्याने पडला. (यातून प्रेम जमतं असं जे फिरतं, तसं त्या प्रयोगात काही सिद्ध झालेलं नाही. जवळीक वाढते, एवढंच.)

आता आमच्याकडे काय होतं ते बघा. दहा मिनिटं, समोर दोन मावश्या, आणि मुलगा उलटतपासणी घेतल्यासारखा एकामागून एक प्रश्न टाकतो. स्वयंपाक येतो का? नोकरी सोडाल का? उत्तर ऐकायच्या आधी पुढचा तयार. अरे, जो प्रश्न विचाराल त्याचं उत्तर आधी किंवा मागून तुम्हीही द्या. आलेल्या उत्तरातला एक शब्द पकडून त्यावरच दुसरा विचारा. ‘सुट्टीत नर्मदेवर जाते’ म्हणाली तर ‘कुणाबरोबर?’ विचारा, पॅकेजवर उडी मारू नका. आणि पहिल्या पाच मिनिटांत ‘तुमची सगळ्यात मोठी भीती काय’ हेही नको, समोरचा दार लावून घेतो. तिने अडचण सांगितली की लगेच उपाय सांगायचा नाही. हे शेवटचं मुलांना फार जड जातं.

तोच मुलगा पुढे पोह्यांच्या टेबलाशी दिसला. मागे उभ्या मुलीने विचारलं, ‘जिरावन संपलं का?’ म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा मसाला. त्याने दुसऱ्या टेबलावरून डबी आणून दिली. ती म्हणाली, पुण्यात दोन वर्षं पोह्यांवर ओलं खोबरं खाल्लं, वैतागले. त्याने विचारलं, मग तिथे शेव कुठून आणायचात? ती म्हणाली, आई पाठवायची. कशातून? मग पार्सलची बसवाली गोष्ट निघाली, त्याची हॉस्टेलची निघाली, आणि जिलबी गार होऊन गेली. सकाळी ज्याने मंचावरून माणसं हाकलली, तो हाच. माझा राग तिथेच निम्मा उतरला. तिची चार अक्षरं त्याने विचारली नाहीत.

मग त्याची आई आली, मुलीच्या बिल्ल्यावरचा नंबर बघून फाइल उघडली आणि म्हणाली, ‘चल रे, एकनाडी आहे.’

पुढच्या मेळाव्याचा फॉर्म माझ्याकडे आहे. ‘स्वभाव’ची ओळ मी खोडली आणि तिथे लिहिलं, ‘मागचा रविवार कसा गेला, तीन ओळींत.’ मंडळातल्या काकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, छान आहे, पण पत्रिकेचा रकाना काढू नकोस हो.