बीटा २०० धरा आणि मोकळे व्हा?

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या पोरांमध्ये एक टीप हमखास फिरते: 'ट्रान्झिस्टर बेसचा करंट वाढवून देतो. बीसी ५४७चा बीटा २००. त्यावरून बेसचा एक रेझिस्टर काढा, बायसिंग झालं. नाहीतर बेसला सरळ ०.७ व्होल्ट द्या.'

ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बीसी ५४७ हा त्यातलाच एक स्वस्त, नेहमीचा. बीटा म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या किती पट, तो आकडा. बायसिंग म्हणजे सिग्नल नसताना किती करंट वाहावा ते ठरवणं. पण वाढवून देतो म्हणजे काय? कलेक्टरचा करंट येतो बॅटरीतून. तो किती वाहू द्यायचा, एवढंच बेसकडून ठरतं. नळ सोडणारा काही पाणी बनवत नाही.

खरी गोम बीटात आहे. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) बीसी ५४७च्या ए गटाला ११० ते २२०, बी गटाला २०० ते ४५०, सी गटाला ४२० ते ८०० दिलंय. आता आवाजाच्या छोट्या ॲम्प्लिफायरसाठी ९ व्होल्ट बॅटरी, तिच्यापासून कलेक्टरला २.२ के (किलोओहम) आणि बेसला ८२० केचा रेझिस्टर धरा. बेसमधून १० मायक्रोॲम्पिअर जातात. बीटा २०० असेल तर कलेक्टरमधून २ मिलिॲम्पिअर, कलेक्टर ४.६ व्होल्टवर, अगदी मधोमध. बीटा ४००चा नग लावला की जवळजवळ सगळे ९ व्होल्ट रेझिस्टरवरच पडतात आणि आवाज फाटतो. माझं नेमकं हेच झालं होतं. मी दोन तास सोल्डरिंगला शिव्या घालत बसलो. शेवटी मीटरवर पाहिलं तर एकाच पाकिटातला एक नग २१० आणि दुसरा ३९०!

आणि ते ०.७ व्होल्ट? २ मिलिॲम्पिअरला बीसी ५४७च्या बेस-एमिटर व्होल्टेजची मर्यादाच ०.५८ ते ०.७० आहे. दर ६० मिलिव्होल्टला करंट दहापट होतो, म्हणजे ०.५८वाल्याला थेट ०.७ दिलेत तर शंभरपट, २०० मिलिॲम्पिअर. त्याची झेप १०० मिलिॲम्पिअरपर्यंतच. शिवाय तापला की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी ओढतो, आणखी तापतो.

एलईडी चालू-बंद करायचा असेल तर एक रेझिस्टर चालतो, कारण तिथे बेसला मुद्दाम जास्त करंट देतात. ॲम्प्लिफायरला मात्र बेसशी रेझिस्टरची जोडी (४७ के बॅटरीकडून, १० के ग्राउंडकडे), आणि एमिटर व ग्राउंडच्या मध्ये ४७० ओहम लावा. करंट वाढला की एमिटरचं व्होल्टेज वर चढतं, बेस-एमिटरमधलं अंतर घटतं आणि करंट आपसूक आवरतो. हिशेब करा: बीटा २००ला १.८२ मिलिॲम्पिअर, ४००ला १.८९.

फुकट मात्र नाही. त्या ४७० ओहममुळे गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साडेचारच्या आसपास येतो. गेन परत हवा असेल तर त्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा लागतो.