कृपया गाडीला हात लावू नये

काळ्या रंगाची गाडी घेऊ नये, असे मला तीन जणांनी बजावले होते. आईने काळा रंग शुभ नसतो म्हणून, पत्नीने उन्हात तापतो म्हणून आणि शेजारच्या तात्यांनी कोणतेही कारण न देता. तरीही मी ती घेतली, कारण वर्षअखेरीला विक्रेत्याकडे तेवढीच एक शिल्लक होती आणि त्यापायी काही हजारांची सूट मिळत होती. ती सूट मी आजतागायत शांपू, फडकी आणि नाना तऱ्हेच्या बाटल्यांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने परत करीत आहे.

यात माझ्या नोकरीचाही दोष आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. मायक्रोमीटर हे माझे हत्यार आणि मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ही माझी भाकरी. दहा मायक्रॉनचा फरक पडला म्हणून मी गेल्या वीस वर्षांत कितीतरी चांगल्या दिसणाऱ्या वस्तू भंगारात पाठवल्या असतील. असल्या माणसाला गाडीच्या रंगाची जाडी कोणी सांगू नये. पण ती मला कळली. पत्र्यावरचा गंजरोधक थर, त्यावरचा प्रायमर, त्यावरचा रंग आणि सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट अवघा चाळीस ते पन्नास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. ऊन, पाऊस, पक्षी, रस्ता आणि नातेवाईक या सर्वांपासून रंगाचे रक्षण करण्याची जबाबदारी त्या एकट्यावर टाकलेली असते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

खरा धडा मिळाला तो पहिल्याच उन्हाळ्यात. आमचे गाव मातीच्या बाबतीतही सीमेवरच आहे. पश्चिमेला जांबोटीकडे गेले की तांबडी माती आणि पूर्वेला बैलहोंगलकडे गेले की काळी, त्यामुळे आमच्या गाडीच्या चाकांच्या कमानीत दोन्ही मुलुख थराथराने नांदत असतात. खानापूर, जांबोटी असा एक रविवार फिरून आलो, तेव्हा काळ्या गाडीचा रंग जांभ्या दगडासारखा झाला होता. सकाळी उठून पाहतो तो मागच्या दरवाज्यावर गल्लीतल्या कोणा पोराने बोटाने ‘मला धुवा’ असे मराठीत लिहिले होते आणि त्याच्या खाली दुसऱ्या कोणी तेच कन्नडमध्ये. 1956 सालापासून ज्या दोन भाषांवरून आमच्याकडे एवढे रामायण झाले, त्या दोन्ही भाषांचे माझ्या गाडीच्या पाठीवर पूर्ण एकमत झालेले पाहून मला क्षणभर भरून आले. मी हौसेने गाडी धुतली. माती गेली, अक्षरे मात्र गेली नाहीत. उन्हात तिरप्या नजरेने पाहिले की दोन्ही ओळी आजही स्पष्ट वाचता येतात.

याचे कारण असे, की माती म्हणजे नुसती पूड नव्हे. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. गाडीवर नुसती बसलेली धूळ बिचारी कोणाचे काही वाकडे करीत नाही. तिच्यावर बोट, फडके किंवा झटकणी फिरली, की ती पॉलिश पेपर होते. गाड्यांच्या बॉनेटवर उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल रेषांची नक्षी दिसते, ती वाहन चालवून पडलेली नसते. मालकाने रोज सकाळी कोरडे पिवळे फडके गोलगोल फिरवून ती स्वहस्ते कोरलेली असते. ज्याची गाडीवर माया अधिक, त्याच्या गाडीवर नक्षी अधिक. हे कळल्यावर मी पिवळे फडके सायकलसाठी दिले आणि घरात फर्मान काढले, की यापुढे गाडीला कोणीही हात लावू नये.

“मग बसायचं कसं?” पत्नीने विचारले.

धुण्याची शास्त्रोक्त पद्धत दोन बादल्यांची असते. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सैल माती वाहून जाऊ द्यायची. मग एका बादलीत शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यायचे. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून गाडीवर वरून खाली, सरळ रेषेत, जोर न देता फिरवायचा आणि पुन्हा शांपूत घालण्याआधी तो साध्या पाण्यात खळबळून त्यातली वाळू तळाशी सोडायची. खालचा भाग सर्वांत मळका असल्याने तो सर्वांत शेवटी घ्यायचा. शांपूही गाडीचाच हवा. भांड्यांचा साबण तेलकटपणाबरोबर वर लावलेले मेणही काढून नेतो. हे सगळे मी घरच्यांना समजावून सांगितले, तेव्हा आईने एवढेच विचारले, की तुला लहानपणी आंघोळीला किती बादल्या घालत होते, आठवतंय काय?

पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. आमच्याकडे नळाला पाणी येते तो दिवस भांडीकुंडी भरण्याचा असतो. त्या दिवशी गाडीसाठी दोन बादल्या मागणे म्हणजे लग्नघरात जाऊन स्वतःच्या उपवासाचे वेगळे ताट मागण्यासारखे आहे. उरले बोअरचे पाणी. ते कठीण. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळल्यावर मागे राहतात आणि काळ्या रंगावर पांढऱ्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखे उमटतात. एकदा मी उन्हात गाडी धुतली आणि टॉवेल आणायला आत गेलो, तेवढ्यात तिच्यावर मोजून दहा बाय दहाची ठिपक्यांची रांगोळी तयार झाली. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ते ठिपके निघाले खरे. पण दोन दिवस गाडीला चायनीजच्या गाड्यासारखा वास येत होता.

मऊ पाणी म्हणजे पावसाचे, हे शाळेतल्या पुस्तकात शिकलेले सत्य मला जुलै महिन्यात आठवले. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की तो आठवडाभर थांबत नाही. ऊन नाही, क्षार नाहीत, वरून फुकट पाणी आणि पागोळ्यांखाली भरून वाहणाऱ्या बादल्या. गाडी धुण्याला याहून चांगला मुहूर्त शास्त्रात सापडणार नाही. मी रेनकोट घातला, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घातली आणि धो धो पावसात गाडीला फेस लावू लागलो. तात्या छत्री घेऊन दूध आणायला निघाले होते. ते थांबले.

“काय करायलास रे?”

“गाडी धुवायलोय, तात्या.”

तात्यांनी एकदा आभाळाकडे पाहिले, एकदा गाडीकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता दुधाला निघून गेले. समोरच्या घरातले कन्नड अज्जा मात्र ओसरीवरून सगळे पाहत होते. ते ‘हुच्च’ एवढा एकच शब्द म्हणाले. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला त्याचे भाषांतर लागत नाही.

धुतल्यानंतर रंग स्वच्छ दिसतो, पण स्वच्छ असतोच असे नाही. हे तपासण्याची एक युक्ती आहे. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या बॉनेटवरून बोटे अलगद फिरवली, की उघड्या हाताला न लागणारे कण पिशवीमुळे खरखर लागतात. मी ही तपासणी पहाटे सहाला करीत होतो, कारण तेव्हा गल्लीत कोणी नसते. त्या दिवशी मात्र होते. दूधवाला, पेपरवाला आणि फिरायला निघालेल्या दोन वहिनी अशा चौघांनी मला हातात कॅरीबॅग घालून, डोळे मिटून गाडी कुरवाळताना पाहिले. पत्नीला भाजीबाजारात याविषयी पहिली विचारणा त्याच दिवशी झाली.

खरखर होती आणि भरपूर होती. तिचे मूळ मला ठाऊक होते. उद्यमबागेत चहूकडे लोखंड ओतले, कापले आणि घासले जाते. ग्राइंडिंगचा लोखंडी कीस हवेत उडतो, बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर बसतो, रंगात रुततो आणि पुढे गंजून नारिंगी टिपका होतो. म्हणजे जे लोखंड मी दिवसभर आत बसून मायक्रॉनमध्ये मोजत होतो, त्यातलेच काही बाहेर माझ्या गाडीत घुसत होते. यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. तो लोखंडाशी भिडला की जांभळा होतो आणि त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. पहिली गोष्ट मी वाचली होती, दुसरी बाटली उघडल्यावर कळली. फवारा मारून पाच मिनिटांत गाडीच्या अंगावरून आणि चाकांतून जांभळे लाल ओघळ सुटले, अंगणातून वाहत गटारीकडे निघाले आणि त्याच वेळी आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली.

“अरे देवा! गाडीखाली कोण गावलं रे?”

तिला समजावण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात फवारा वाळायला लागला. तो रंगावर वाळू द्यायचा नसतो. म्हणून मी आईला तशीच सोडून पाइपकडे धावलो. त्याचा अर्थ तिने पुरावा नष्ट करणे असा लावला. वास आठवडाभर राहिला. पत्नीने कांद्याबटाट्याची टोपली दोनदा उपसून पाहिली.

रुतलेले उरलेसुरले कण काढण्यासाठी क्ले बार, म्हणजे पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखा एक गोळा असतो. तो साबणाच्या पाण्याने बुळबुळीत केलेल्या रंगावरून सरकवायचा आणि मळला की मळून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. माझा तीनदा पडला. फेकला एकदाच.

या काळात सल्ल्यांची कमतरता नव्हती. रॉकेल लाव, आरशासारखी चकाकतीया बघ, असे तात्यांनी सांगितले. त्यांच्या काळी ट्रका तशाच पुसत. भाच्याने ओरखड्यांना टूथपेस्ट लावायला सुचवले. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, त्यामुळे ओरखडा दिसेनासा होतो हे खरे आहे. पण तो भरून येत नाही, त्याच्या कडेचा क्लिअर कोट झिजतो. ओरखडे घासून घालवणाऱ्या कंपाउंडचे आणि पॉलिशिंगचेही तत्त्व तेच. चाळीस मायक्रॉनच्या मुदत ठेवीतून प्रत्येक वेळी एक दोन मायक्रॉन मोडून खायचे आणि चेहरा तजेलदार ठेवायचा. हा हिशेब मनात पक्का झाल्यापासून माझ्याकडची कंपाउंडची बाटली मी फक्त उघडून वास घेण्यासाठी वापरतो. रंगावर कडक थर चढवणाऱ्या सिरॅमिक कोटिंगची चौकशीही एका दुकानात करून पाहिली. तिथल्या मुलाने ‘नाइन एच’ कडकपणा असल्याचे हिऱ्याबिऱ्याच्या थाटात सांगितले. ते नाइन एच पेन्सिलीच्या मापाचे असते, म्हणजे त्या कडकपणाच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढेच. किंमत ऐकून मी पेन्सिलींचा कारखानाच काढावा काय, या विचारात घरी परतलो.

शेवटी मेण घेतले. ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या माडाच्या पानांवरचे मेण डबीत भरून आमच्या टिळकवाडीच्या पलीकडच्या दुकानापर्यंत येते, ही गोष्ट मला फार सुखावून गेली. मेण अगदी पातळ लावायचे, त्यावर धुके धरल्यासारखी साय आली की मायक्रोफायबरने अलगद उतरवायचे. हे मायक्रोफायबरचे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवायचे नसतात, हे मी घरात सांगायला विसरलो होतो. अर्थात तो प्रश्न उद्भवला नाही, कारण सहापैकी चार टॉवेल तोवर ओट्याला लागले होते आणि ओटा इतका लख्ख कधीच झाला नव्हता. उरलेल्या दोन टॉवेलांवर मी शनिवारची दुपार काढली. खंडेनवमी दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी गाडीच्या दारात मला माझा चेहरा दिसला. तो थकलेला होता, पण एकही रेघ नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची आणि गाड्यांची पूजा असते. झेंडूची माळ बांधायला मी तार नाकारून सुतळी दिली, तेव्हाच आईने मला एक नजर दिली होती. तिने तांब्याच्या वाटीत कुंकू कालवले आणि बोटाने बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ उमटलीच नाही. कुंकवाचे पाणी गोल गोल थेंब होऊन उताराला लागले आणि नंबर प्लेटवरून खाली टपकले. तिने दुसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. मेण आपले काम चोख करीत होते.

“आम्हाला हात लावू देत नव्हतास ते नव्हतास,” ती म्हणाली, “आता देवालाबी लावून घेईना झालीया ही.”

मग तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळून बॉनेटवर हातभर जागा कोरडी, गोलगोल आणि जोर लावून घासली. निरांजनातले तेल वाटीत ओतून कुंकू पुन्हा कालवले आणि अंगठ्याने दाबून स्वस्तिक काढले. ते बसले. त्या अंगठ्याखाली किती मायक्रॉन गेले असतील, याचा मी मनातल्या मनात हिशेब करीत असतानाच तात्यांनी चाकासमोरच्या दगडावर नारळ फोडला. पाणी उडाले ते थेट बॉनेटवर. क्षणभर त्या काळ्या रंगावर मोत्यांची रास पडली आणि थेंब एकमेकांना भेटत, थरथरत, टपोरे होत घरंगळू लागले. सगळे बघत राहिले. तात्या तर वाकून, चष्मा वर करून बघत होते.

“मेण चांगलं हाय की रे तुझं,” ते म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी सगळे थेंब खसाखसा पुसून टाकले.