हत्ती आत येणार नाही

"साहेब, बी विंगचे नवीन भाडेकरू हत्ती घेऊन आलेत. सोडू का?"

वॉचमनमामांचं इंटरकॉमवरचं हे वाक्य मी गेल्या रविवारी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पलीकडे सेक्रेटरी बराच वेळ गप्प असावेत. मग मामांनी अर्धं उघडलेलं फाटक परत लावलं, आणि आमचा छोटा हत्ती फ्रिज, दोन कपाटं, गाद्या आणि टपावर बांधलेल्या तुळशीसकट रस्त्यातच उभा राहिला.

फाटकावर बोर्ड होता : 'रविवारी टेम्पो आत येणार नाही.' त्यावर आमचा ड्रायव्हर म्हणाला होता, "टेम्पो कुठाय मामा? छोटा हत्ती हाय हा." मामांना ते पटलंही होतं. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा बर्म्युडा आणि बनियनवर, हातात पेपरची पुरवणी घेऊन खाली आले आणि म्हणाले, "हत्ती कसला? टेम्पोच आहे हा."

मला नको तिथे माहिती असते. मी म्हणालो, "आजोबा, टेम्पो हे गाडीच्या जातीचं नावच नाही. हॅम्बुर्गमधल्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली आणि मग आपण सामान वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला टेम्पो म्हणायला लागलो. ही गाडी टाटांची. हिचं खरं नाव एस."

"मी आकुर्डीलाच होतो," आजोबा म्हणाले. "टेम्पोतच. बत्तीस वर्षं."

आता माघार घेणं शहाणपणाचं होतं. बायकोने "अहो, पुरे" असं डोळ्यांनी सांगितलंही. पण आजोबांनी चक्क मान डोलावली. "तुमचं अगदी बरोबर आहे. शंभर टक्के. आणि २००५ साली आमच्या कंपनीने टेम्पो हे नाव टाकून फोर्स मोटर्स केलं, त्याच वर्षी तुमचा हा हत्ती बाजारात आला. सातशे दोन सीसी, दोन सिलिंडर." ते हत्तीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. मागचा टायर दाबून पाहिला. "एस म्हणजे एक्का. हुकमाचा. पण एक्का म्हटलं तर लोक घोडा शोधत बसले असते. हत्ती ठीक आहे. नाक बघा ना कसं आखूड आहे, पण ओझं ओढतो."

मला वाटलं, झालं, फाटक उघडणार.

"मग सोडा ना आत."

"छे! रविवारी टेम्पो आत येत नाही."

"पण हा टेम्पो नाही, हे तुम्हीच मान्य केलंत!"

आजोबांनी पुरवणीची घडी घातली. "तुम्ही ऑफिसात अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स दिलीत?"

"दिली."

"दुकानातलं मशीन झेरॉक्स कंपनीचं होतं?"

मी गप्प.

"पाहिलं नसेल. मी पाहिलंय, कॅननचं आहे. मग सोसायटीने तुमची झेरॉक्स परत करायची का?"

झेरॉक्स शब्दामागे 'कोरडा' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण त्या पद्धतीत ओली शाई लागत नाही, हे मला त्या क्षणी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

तोवर ड्रायव्हर पेटला होता. त्याच्या गावाकडे मॅटाडोर होती. मॅटाडोर म्हणजे स्पेनमधला बैलाशी झुंजणारा गडी, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही तर तिच्यातनं बैलच बाजारला न्यायचो." मग मामांना आठवलं की शेजारच्या प्लॉटवर रविवारीसुद्धा जेसीबी चालू असतो, त्याला कोणी अडवत नाही. आजोबांनी लगेच सांगितलं, की जेसीबी हे मशीनचं नाव नसून जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं आहेत आणि मशीनचं नाव बॅकहो लोडर. इंग्लंडातल्या त्या बिचाऱ्याने १९४५ साली धंदा काढला तेव्हा त्याला काय कल्पना, की आपल्या आद्याक्षरांच्या तोंडातून इकडे सरपंचांवर गुलाल उधळतील! दहा मिनिटं आम्ही चौघं फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून गुण्यागोविंदाने गप्पा मारत होतो. फ्रिज उन्हात होता.

अकरा महिन्यांचा करार. दर अकरा महिन्यांनी तीच खोकी, तोच टेप, तीच पोलीस व्हेरिफिकेशनची रांग. सोमवार ते शनिवार सामान आणायचं तर रजा घ्यावी लागते, आणि रजा ऑफिसात 'वैयक्तिक कारण' म्हणून मोजतात. वर शिफ्टिंग चार्ज हजार रुपये, लिफ्ट झिजते म्हणून. आमचं सामान जिन्यानेच गेलं, तरी लिफ्ट झिजली. आमच्याच मजल्यावरच्या मालकमंडळींचा नवा सोफा त्याच संध्याकाळी आत आला. मी मामांना विचारलं, तर म्हणाले, "ती डिलिव्हरी व्हॅन होती साहेब."

फाटकापासून बी विंगपर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. कपाटांच्या वेळी मोजली. आजोबा सावलीत उभं राहून "डावीकडे, डावीकडे" करत होते, आणि तुळस मात्र त्यांनी स्वतः उचलून वर आणून दिली, हेही सांगायला हवं.

रात्री मामा रजिस्टर घेऊन सहीला आले. 'वाहन' या रकान्यात 'हत्ती १' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, निदान छोटा तरी लिहा. त्यांनी लिहिलं, पण जागा नव्हती म्हणून ते शेजारच्या रकान्यात गेलं. तो रकाना भाडेकरूच्या नावाचा होता.

आता दूधवाला पिशवी अडकवताना खालून ओरडतो, "हत्तीवाले एक लिटरच ना?"