रेताड जमीन आणि ‘तळ फुटलेला माठ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेताड जमिनीचे गुणधर्म आणि उपयोग यांविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. ‘रेताड जमीन म्हणजे तळ फुटलेला माठ, त्यात कितीही पाणी आणि खत ओता, हाती काही लागत नाही,’ असे आपण लिहिले आहे. त्यापुढे, अशा जमिनीचे गुण गाणाऱ्याने ती कधी कसलेली नसणार, लेखातली माहिती शाळेच्या पुस्तकातली आहे, सूत्रकृमींचा (मुळांना उपद्रव करणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींचा) उल्लेखसुद्धा नाही आणि खरा उपाय म्हणजे चिकणमाती आणून मिसळणे, असे आपले मुद्दे आहेत.

मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ज्याला आपण कधी पाहिलेले नाही त्याने शेतात पाऊल टाकलेले नाही, असा निकाल देऊन टाकणे ही चर्चेची रीत नव्हे. आपण लेखातले एखादे वाक्य घेऊन ते कोठे चुकते हे दाखवले असते, तर मी आभार मानले असते. तसे एकही वाक्य आपण उद्धृत केलेले नाही. वाचकाने लेखकाला प्रश्न विचारावेत, पण आधी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा गैर नसावी.

सूत्रकृमींविषयी मात्र आपले म्हणणे रास्त आहे. कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून त्यांना फिरणे सोपे जाते, त्यामुळे मुळांवर गाठी धरणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास हलक्या जमिनीत अधिक जाणवतो. वेलवर्गीय आणि भाजीपाल्याच्या पिकांचा उल्लेख करताना त्याला एक परिच्छेद द्यायला हवा होता; तो मी लेखात घालतो. पण या एका उणिवेवरून सगळा लेख निकालात काढता येत नाही.

आता शेतात उतरण्याविषयी. माझे लहानपण वाळूसर पोयट्याच्या जमिनीवर गेले. तीच जमीन वडील कसत होते आणि पुढे काही वर्षे मीही कसली. त्यानंतर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मोठा पाऊस उघडल्यावर शेजारच्या भारी, म्हणजे चिकणमातीच्या, जमिनीत पाय घोट्यापर्यंत रुतत असत, तेव्हा आमच्या शेतात लवकरच वाफसा (मशागतीजोगी ओल) येऊन औत चालत असे, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. भुईमूग काढताना वेल उपटला की शेंगांचा घोस स्वच्छ वर येई, बोटाने झटकताच माती गळून पडे. भारी जमिनीत तोच वेल हातात येतो, आऱ्या तुटतात आणि शेंगा मातीत राहून कुदळीने शोधाव्या लागतात. फुलातून निघालेली आरी जमिनीत शिरते आणि तेथे तिच्या टोकाशी शेंग पोसते, म्हणून वरचा थर भुसभुशीत असण्याला या पिकात इतके महत्त्व आहे. ही माहिती शाळेच्या पुस्तकात असेलही. पुस्तकात असल्यामुळे ती खोटी ठरत नाही.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे वळतो, कारण ते अनेकांच्या तोंडी आहे आणि त्यामुळे पुष्कळ नुकसान होते. माठाचा तळ फुटलेला नाही, माठ लहान आहे. हा फरक शाब्दिक वाटू नये म्हणून आकडे मांडतो. पिकाला वापरता येईल असे पाणी रेताड जमिनीच्या एक मीटर खोलीत साधारण २५ ते १०० मिलिमीटर मावते, तर चिकणमातीच्या जमिनीत १७५ ते २५० मिलिमीटर. आपल्या जमिनीची क्षमता ८० मिलिमीटर आणि पिकाची मुळे ५० सेंटिमीटर खोल असे धरले, तर मुळांच्या थरात ४० मिलिमीटर पाणी साठेल. त्यातले निम्मे संपले की पुढची पाळी द्यावी, असा हिशेब ठेवला आणि पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी घेते असे मानले, तर चौथ्या दिवशी २० मिलिमीटर पाणी द्यावे लागेल. मीटरला २०० मिलिमीटर धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत याच हिशेबाने दहाव्या दिवशी ५० मिलिमीटर पाणी देणे योग्य ठरते.

बहुतेक ठिकाणी होते असे, की भारी जमिनीचे हे वेळापत्रक जसेच्या तसे रेताड जमिनीवर लादले जाते. मग चौथ्या दिवसानंतर पीक ताणात जाते, दहाव्या दिवशी ५० मिलिमीटर पाणी येते, आणि थरात जास्तीत जास्त ४० मिलिमीटरच मावत असल्यामुळे किमान १० मिलिमीटर मुळांच्या खाली निघून जाते. एका हेक्टरवर १० मिलिमीटर म्हणजे एक लाख लिटर. हे पाणी जमिनीने वाया घालवले, की पाळ्या ठरवणाऱ्याने? पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी फावड्याने हातभर खोल खड्डा घ्यावा आणि तळाची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा ओलसर, हलक्या धक्क्याने फुटणारा गोळा झाला, तर पाणी तेथवर पोहोचून थांबले आहे. माठाला तळ नसता, तर हा गोळा झाला नसता.

पाणी देण्याची पद्धतही येथे वेगळी लागते. लांब सरीतून पाणी सोडले, तर ते टोकाला पोहोचेपर्यंत सरीच्या तोंडाशी गरजेपेक्षा कितीतरी अधिक मुरलेले असते, म्हणून सऱ्या आखूड ठेवाव्यात किंवा तुषार, ठिबक यांचा आधार घ्यावा. ठिबकमध्येही रेताड जमिनीत ओल बाजूला कमी पसरते आणि खाली अधिक उतरते, त्यामुळे ड्रिपर जवळजवळ लावून, थोडा वेळ पण वारंवार संच चालवणे हिताचे असते. ड्रिपरमधले अंतर भारी जमिनीइतके ठेवून नंतर जमिनीला बोल लावणारे मी पाहिले आहेत.

आपल्या वाक्यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन ते पिकाला देतेच. तसे नसते. चिकणमातीच्या बारीक पोकळ्या पाणी इतके घट्ट धरतात, की पीक कायमचे सुकू लागते तेव्हाही त्या मातीच्या घनफळाचा सुमारे पाचवा भाग, पुष्कळदा त्याहून अधिक, पाणीच असते. वाळूत त्या वेळी फारच थोडे शिल्लक राहते. वाळूजवळ साठा कमी असतो, पण त्यातला बराचसा ती पिकाला सहज देते. कोरड्या जमिनीवर ५ मिलिमीटरची हलकी सर आली, तर भारी जमिनीत ती वरच्या दोन-अडीच सेंटिमीटर थरातच अडकून उन्हाने उडून जाते, तर रेताड जमिनीत तीच सर जवळपास दुप्पट खोल उतरते. शिवाय वाळूचा वरचा थर वाळला की खालची ओल वर ओढणाऱ्या केशनलिका तुटतात आणि तो कोरडा थर आच्छादनाचे काम करतो. अल्प पावसाच्या प्रदेशांत बाजरी, मटकी यांसारखी पिके हलक्या जमिनीवर तग धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पाण्याचा निचरा आपल्याला दोष वाटतो. ज्यांच्या पिकाची मुळे पाणी तुंबून कुजली आहेत त्यांना तो तसा वाटणार नाही.

खताविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तत्त्व तेच आहे. रेताड मातीची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे धन भाराची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद, १०० ग्रॅम मातीस बहुधा ५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आतच असते, म्हणून पालाश आणि अमोनियम तिला फार धरून ठेवता येत नाहीत. नायट्रेटला तर ऋण भारामुळे जवळपास कोणतीच माती धरत नाही आणि ते पाण्याबरोबर खाली जाते. एकाच वेळी सगळे नत्र टाकून वर मोठे पाणी दिले, तर ते वाहून जाणारच. नत्र हप्त्यांनी द्यावे, पालाशही विभागून द्यावे, गंधक आणि बोरॉन यांच्या कमतरतेवर लक्ष ठेवावे. लेखात हे सगळे लिहिले होते, त्या परिच्छेदापर्यंत आपण पोहोचला नसावात.

चिकणमाती मिसळण्याच्या सूचनेचा साधा हिशेब करून पाहावा. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २,२५० टन माती असते; तिच्यात चिकणमातीचे प्रमाण ५ टक्क्यांनी वाढवायचे, तर शंभर टनांहून अधिक शुद्ध चिकणमाती आणून ती एकजीव करावी लागेल. कुंडीत हे जमते. शेतासाठी शेणखत, लेंडीखत, ताग किंवा धैंचा गाडणे आणि पिकाचे अवशेष जमिनीवर राखणे हाच पेलवणारा मार्ग आहे, कारण मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाची विनिमय क्षमता, वजनास वजन घेतल्यास, बहुतेक चिकणमातींहून अधिक असते. एवढे मात्र खरे, की या मातीत हवा भरपूर खेळत असल्याने सेंद्रिय पदार्थ लवकर कुजून संपतो, म्हणून एकदाच भरमसाट टाकण्यापेक्षा दर हंगामाला थोडे थोडे टाकावे लागते. वाऱ्याने माती उडू नये यासाठीही जमीन उघडी न ठेवणे गरजेचे आहे.

गाजर, मुळा, रताळे, बटाटा, कलिंगड, खरबूज आणि भुईमूग ही पिके या जमिनीवर घेण्याची शिफारस मी मागे घेत नाही. लेखाचे शीर्षक बदलावे अशीही आपली मागणी आहे. ते बदलणार नाही. सूत्रकृमींचा परिच्छेद मात्र वेलवर्गीय पिकांच्या भागात जोडतो आहे. त्यात पिकांची फेरपालट, झेंडूची लागवड आणि गाठी धरलेली मुळे शेतात न ठेवता उपटून नष्ट करणे, या तिन्ही गोष्टी असतील. त्यावर काही आक्षेप असल्यास कृपया ते वाक्य उद्धृत करून लिहावे.