ताळेबंदातलं पेटंट आणि सीईओचा बोनस

छोट्या बायोटेक कंपनीत सीईओचा बोनस अमूर्त मालमत्तेच्या (म्हणजे पेटंट, संशोधन अशा हाताला न लागणाऱ्या मालमत्तेच्या) मूल्याशी जोडावा, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आयएएस 38 या अमूर्त मालमत्तेच्या आंतरराष्ट्रीय लेखा-मानकाप्रमाणे स्वतःच्या प्रयोगशाळेतला संशोधनखर्च थेट नफा-तोट्यात जातो. तेच अर्धवट संशोधन बाहेरून विकत घेतलं की मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढतं. मग वर्षानुवर्षं राबणाऱ्या शास्त्रज्ञांचं काम दिसतच नाही आणि खरेदी करणारा सीईओ बोनस घेऊन जातो. हा अन्याय आहे. शिवाय पेटंटची 20 वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, त्यातली बरीचशी औषधाच्या चाचण्यांतच सरतात. मूल्यांकनाच्या एक्सेलमध्ये यशाची शक्यता किंवा डिस्काउंट रेट (भविष्यातल्या कमाईची आजची किंमत काढायचा दर) जरासा हलवला की आकडा कुठल्या कुठे जातो, आणि हे अंदाज पुरवतं व्यवस्थापनच! चाचणीचा टप्पा खरोखर पार पडल्यावरच बोनस द्या, तोही काही वर्षं विकता न येणाऱ्या शेअर्समध्ये.