हेअर ड्रायरने आरसा सुटेलच असे नाही

भाड्याची सदनिका रिकामी करणाऱ्यांना उद्देशून भिंतीवरचा आरसा काढण्याचा एक सल्ला गोव्यात मोबाइलवरून बराच फिरतो आहे. आरशावर चिकटपट्टी लावा म्हणजे तो फुटणार नाही, दोन मिनिटे हेअर ड्रायरची गरम हवा द्या, कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटा आणि उरलेला सिलिकॉन (आरसा चिकटवण्याचा रबरासारखा पदार्थ) व्हिनेगरने पुसा. भिंतीवर ओरखडाही उमटणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

आरसा भिंतीला कशाने धरला आहे, हा पहिला प्रश्नच या सल्ल्यात नाही. स्क्रूवर बसवलेल्या आरशाला उष्णतेचा काही उपयोग नाही. टोप्या काढून, दुसऱ्या माणसाने काच धरलेली असताना, सगळे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करावे लागतात. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने ते गंजलेले असतात, आणि जोर लावून पिळल्यास छिद्रापासूनच काच तडकते; म्हणून आधी गंज सैल करणारे तेल सोडून थांबावे.

गरम हवेने दुहेरी चिकट फोमपट्टी मऊ होते, एवढे खरे. सुकलेला सिलिकॉन मात्र सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. त्याच्यासाठी एकाच जागी उष्णता देत राहिल्यास तापलेला भाग प्रसरण पावतो, भोवतालचा थंड भाग जागेवरच राहतो आणि कडेच्या एखाद्या बारीक टवक्यातून तडा धावतो. सिलिकॉनचे ठिपके असतील तर मागच्या फटीत पातळ पोलादी तार घालून, तिची दोन्ही टोके लाकडी दांड्यांना गुंडाळून, करवतीसारखी ओढत ते कापावेत.

चिकटपट्टी काच फुटणे थांबवत नाही, फक्त तुकडे धरून ठेवते. ती लावावीच, पण हातमोजे आणि चष्माही घालावा. स्क्रू-ड्रायव्हरचा सारा भार एका बिंदूवर, तोही काचेच्या सर्वांत नाजूक कडेवर, पडतो. शिवाय जुन्या चिऱ्यांच्या घरांतील चुन्याचा गिलावा सिलिकॉनच्या पकडीपेक्षा कमकुवत असल्याने उचकटताना गिलाव्याचाच पापुद्रा निघतो. पूर्ण पाठ चिकटवलेल्या आरशाच्या बाबतीत ओरखडा न येण्याची हमी कोणीच देऊ नये. तेथे काच वाचवायची की भिंत, हे आधी ठरवणे प्रामाणिकपणाचे आहे.

व्हिनेगरचा सल्ला बहुधा वासावरून आला असावा, कारण काही सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतात. सुकलेला सिलिकॉन मात्र व्हिनेगरमध्ये विरघळत नाही, उलट ते आम्ल चुन्याचा गिलावा खाते. सिलिकॉन पात्याने खरवडूनच काढावा लागतो, आणि त्याचा थर राहिला तर त्यावर रंग धरत नाही.

वजनाविषयी तर या सल्ल्यात अवाक्षरही नाही. ५ मिलिमीटर जाडीची काच प्रति चौरस मीटर साडेबारा किलो भरते. म्हणजे चार फूट बाय तीन फुटांचा आरसा जवळजवळ १४ किलोंचा होतो. तो दोघांनी उतरवावा आणि आडवा न धरता उभाच न्यावा.