चतुर्थी, तेवीस किलो आणि सहारचा दरवाजा

परदेशी शिकायला निघालेल्या कोकणातल्या पोरांचा प्रवास विमानात बसल्यावर सुरू होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ऑगस्टात कुडाळहून मुंबईचा सहार विमानतळ गाठून दाखवावा. अटलांटिक ओलांडायची जबाबदारी पायलटवर असते. चिपळूणची वाशिष्ठी नदी ओलांडायची आपल्यावर.

म्हणून बेत उलटा आखायचा, शेवटाकडून. आधी विद्यापीठाने दिलेली तारीख बघा. अमेरिकेचा एफ-1 व्हिसा असेल तर आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने पाठवलेल्या प्रवेशाच्या कागदावर, छापलेल्या सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त 30 दिवस देशात शिरता येतं. त्याच्याही आधीचं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी ते फक्त नातेवाईकांना दाखवायला.

यानंतर येतो गणपती. वाडीतला प्रत्येक माणूस ‘चतुर्थी करून जा’ म्हणतो, जणू विद्यापीठाचं कॅलेंडर भटजींना विचारून छापतात. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि अमेरिकेतले बहुतेक वर्ग तोवर भरलेले होते. 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे अमेरिकावाल्यांनी आरतीला मोबाइलच्या पडद्यातूनच उभं राहायचं. जर्मनीचं सत्र ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे तिकडे जाणाऱ्यांना मोदकही मिळतात आणि रेल्वेचा खरा त्रासही. कारण चतुर्थीच्या आधी गर्दी सगळी मुंबईहून कोकणात येते आणि उलट दिशेच्या गाडीत पाय पसरायला जागा असते. गौरी-गणपती पोचवून झाले की सगळे चाकरमानी एकदम परत निघतात, आणि मग मुंबईकडचं आरक्षण मिळायला देवाचा कौलही पुरत नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात विमानाच्या तारखेपेक्षा ठळक लिहावा.

आणि विमान ज्या रात्री, त्याच रात्री मुंबईत पोहोचणारी गाडी धरू नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि आठवडा व्हायच्या आत खेडजवळ रुळांवर दरड आली. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, घरात वडीलधारी माणसं असतात. मांडवी एक्स्प्रेस रात्री मुंबईत पोहोचते. मध्यरात्रीच्या विमानासाठी तिच्यावर भरवसा ठेवणारा माणूस शूर असतो, शहाणा नव्हे. कोकणकन्या किंवा तुतारीने आदल्या रात्री निघून सकाळी उतरा, दिवसभर डोंबिवलीतल्या मावशीकडे झोपा काढा. मावशी प्रत्येकाला असतेच.

मध्यरात्रीवरून आठवलं. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 00.40 असेल, तर विमानतळावर जायचं 14 तारखेच्या रात्री, साडेआठच्या सुमाराला. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. 15 च्या रात्री ऐटीत पोहोचणाऱ्याचं विमान तोवर जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. ही चूक हुशार मुलंच करतात, कारण ती कोणालाही विचारत नाहीत.

आता मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला नवा विमानतळ. सावंतवाडीच्या पलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाला कोणी तरी काका ऐकवतातच, ‘मोपा हाकेर असताना मुंबयक कित्याक जातंस?’ काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोपा ते मुंबई किंवा दिल्ली आणि पुढे परदेश असं सगळं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असेल तर मोप्यासारखं सुख नाही. बॅग बहुतेक वेळा तिथे दिली की थेट पलीकडे मिळते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात. पण दोन हजार रुपये वाचवायला मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं, की बॅग मुंबईत उचलायची. पहिलं विमान टर्मिनल 1 वर उतरलं तर रस्त्याने टर्मिनल 2 गाठायचं आणि तिथे पुन्हा रांग. उशीर झाला तर पुढच्या विमान कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. शिवाय गोव्याला विमानतळ दोन. दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. शेवटचं एक अक्षर चुकलं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाहून परदेशी विमान नाही, त्यामुळे तो विषय चहाबरोबर चघळायला ठेवू.

वाटेत कुठे उतरायचं, हे फक्त भाड्यावरून ठरवू नका. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते, पण नियम तिकीट काढायच्या दिवशी वाचायचा, चुलतभावाला विचारायचा नाही. अमेरिकेत आणखी एक विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग स्वतःच्या बॅगा उचलायच्या, कस्टम्स पार करायचं आणि बॅगा पुन्हा द्यायच्या. यासाठी दीड तास दाखवणारं तिकीट म्हणजे पैसे भरून घेतलेली धावण्याची शर्यत. तीन तास तरी ठेवा. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचे अधिकारी तिथेच सगळं उरकतात, पण तो वेळ अबुधाबीतच धरावा लागतो.

आणि आता बॅग. इथे खरी कसोटी लागते, कारण इथे आई येते.

अमेरिकेला साधारणपणे 23 किलोच्या दोन बॅगा चालतात. युरोपच्या साध्या तिकिटावर बहुधा एकच. विद्यार्थी-भाड्यात पुष्कळ कंपन्या जास्तीची बॅग किंवा वाढीव किलो देतात, म्हणून दोनेक हजारांचा फरक असला तरी तेच घ्यावं. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज 158 सेंटिमीटर. बॅगेचं स्वतःचं वजन चार किलो, म्हणजे हातात राहिले एकोणीस. या एकोणीस किलोंत कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आमसुलं, आंबापोळी, काजू आणि शेजारच्या वहिनींनी ‘ह्या एवढा खय तरी कोंब’ म्हणत दिलेली पिशवी. कपडे मग अंगावर.

नियमही असे की मालवणी माणसाने हसावं की रडावं. युरोपीय संघात साजूक तूप आणि पेढे न्यायला बंदी, कारण दुधाचे पदार्थ. मासे मात्र माणशी 20 किलोपर्यंत चालतात. म्हणजे सुकट आणि बोंबील कायदेशीर! तिहेरी प्लास्टिकमध्ये बांधा, कारण बॅगेतल्या एकुलत्या एका कोटाला पुढे सहा महिने वर्गात बसायचंय. ताजी फळं न्यायची तर रोगमुक्ततेचा दाखला हवा, पण ज्या मोजक्या पाच फळांना तो लागत नाही त्यांत नारळ आहे. तेवढ्यावर आनंदून खोबऱ्याच्या वाट्या भरू नका. सुकं खोबरं विमानांच्या धोकादायक मालाच्या यादीत यूएन 1363 म्हणून बसलंय, स्वतःहून पेट घेऊ शकणारा माल. आजीला हे सांगून बघा. अमेरिकेत जे काही खायचं नेताय ते सगळं जाहीर करा. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

लोणचं हातातल्या बॅगेत नको, खारासकट ते द्रवात मोडतं आणि तिथे मर्यादा 100 मिलिलिटर. पॉवर बँक मात्र हातातच, ती मोठ्या बॅगेत चालत नाही. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॉट-अवर, मर्यादा 100, तेव्हा निर्धास्त राहा. वजन करायला ताणकाटा वापरा. नसेल तर बॅग घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ते खरं सांगायचं धैर्य असेल तर.

तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं, वडिलांचं नाव जिथे असेल तिथेच. पोचवायला येणाऱ्या मंडळींनी सुमो भरली, तर बॅगांना जागा उरत नाही, याचाही आधीच विचार करा. टर्मिनलमध्ये बिनतिकीट कोणाला सोडत नाहीत, म्हणून चेक-इन होईपर्यंत एक माणूस दरवाजाबाहेर थांबवून ठेवा. काट्यावर वजन जास्त भरलं तर काढलेलं सामान द्यायला कोणी तरी हवं. तो माणूस वडील चालतील, मामा चालेल. आई नको, ती दुसऱ्या पिशवीत घालून परत आत पाठवेल.